नकली किंवा बिघडलेला पेनड्राइव्ह: तपासणीपासून फर्मवेअर दुरुस्तीपर्यंत

गेल्या पावसाळ्यात आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका भजनी मंडळाचे सेक्रेटरी माझ्याकडे १२८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन आले. साठी उलटलेले काका. मंडळाची अकरा वर्षांची रेकॉर्डिंग त्यात ठेवलेली. फोल्डर दिसत होते, फायलींची नावं दिसत होती, प्रत्येक फाइलचा आकारही बरोबर दिसत होता. पण पहिली शंभरेक भजनं झाली की पुढचं एकही वाजत नव्हतं. काकांनी जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं यात घेतलं आणि तो कॉम्प्युटर भंगारात दिला होता. मी तपासलं, तर १२८ छापलेल्या त्या पेनड्राइव्हमध्ये खरी मेमरी जेमतेम ७ जीबी निघाली. "मग बाकीचं गेलं कुठे?" काकांनी विचारलं. ते कुठेच गेलं नव्हतं. ते कधी लिहिलंच गेलं नव्हतं, आणि जे लिहिलं गेलं नाही ते कुठल्याही रिकव्हरीने परत येत नाही. हे त्यांना सांगताना मला फार जड गेलं.

म्हणून हा लेख. दुरुस्ती शिकण्यासारखी आहे, घरी बसून करता येते आणि तिच्यात आनंदही आहे. पण तपासणी तिच्या आधी येते. हाच क्रम मी इथे ठेवला आहे.

आत असतं काय

पेनड्राइव्हचं कव्हर काढलं की बोटाच्या पेराएवढ्या पट्टीवर दोन मुख्य चिप दिसतात. मोठी ती नँड मेमरी, म्हणजे डेटा राहण्याची जागा. लहान ती कंट्रोलर. कॉम्प्युटर मेमरीशी थेट बोलतच नाही, तो कंट्रोलरशी बोलतो. मेमरी किती आहे, कुठले ब्लॉक, म्हणजे मेमरीचे तुकडे, खराब आहेत, कुठला डेटा कुठे ठेवलाय, हा सगळा हिशेब कंट्रोलर ठेवतो. तो हिशेब कसा ठेवायचा हे सांगणारा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. त्याचा थोडा भाग कंट्रोलरमध्येच कायमचा कोरलेला असतो, उरलेला नँडच्या एका राखीव कोपऱ्यात असतो.

नकली माल इथेच तयार होतो. ८ जीबीची मेमरी लावायची आणि फर्मवेअरमध्ये १२८ लिहायचं. विंडोज विचारतो, किती जागा? कंट्रोलर सांगतो, १२८. विंडोजला खरं-खोटं कळायला मार्ग नाही. फायलींची यादी ड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात लिहिली जाते, तो भाग खरा असतो, म्हणून नावं व्यवस्थित दिसतात. खरी जागा संपल्यावर पुढचा डेटा काही ड्राइव्हमध्ये नुसता हवेत जातो, तर काहींमध्ये आधीच्याच डेटावर फिरून लिहिला जातो. कॉपी करताना एरर येत नाही, हिरवी पट्टी शेवटपर्यंत जाते. काकांना संशय यायला काही कारणच नव्हतं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ३२ जीबीच्या ड्राइव्हवर विंडोज २९ च्या आसपास दाखवतो, ६४ च्या ड्राइव्हवर ५८-५९. ही फसवणूक नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतो. एवढ्या फरकासाठी दुकानदाराशी भांडू नका.

आधी तपासणी

नवा पेनड्राइव्ह आणला की त्याच दिवशी, तो रिकामा असतानाच, ही तपासणी करा. ऑनलाइन घेतला असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत करा.

विंडोजवर 'एचटू-टेस्ट-डब्ल्यू' नावाचा छोटा मोफत प्रोग्राम आहे. एका जर्मन संगणक मासिकाकडून आलेला, इन्स्टॉल करावा लागत नाही. उघडला की वर भाषेचा पर्याय दिसतो, तिथे इंग्लिश निवडा. ड्राइव्ह निवडा, सगळी उपलब्ध जागा तपासायचा पर्याय ठेवा आणि लिहून पडताळायचं बटण दाबा. हा प्रोग्राम एकेक जीबीच्या फायलींनी ड्राइव्ह काठोकाठ भरतो आणि मग प्रत्येक अक्षर परत वाचून ताडून पाहतो.

याला वेळ लागतो. सेकंदाला १० एमबी वेगाने लिहिणारा ६४ जीबीचा ड्राइव्ह भरायलाच पावणेदोन तास जातात, वाचण्याचा वेळ वेगळा. तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर लावून ठेवा. चारशे-पाचशे रुपयांत मिळणारे '२ टीबी'वाले ड्राइव्ह याच वेगाने भरायचे तर ५५ तास लागतील. त्यांच्यासाठी लिनक्सवरचं 'एफ-थ्री' बरं. त्यातली 'प्रोब' नावाची आज्ञा मोजक्याच जागी लिहून-वाचून काही मिनिटांत खरी क्षमता सांगते. मात्र तिच्या नाश करणाऱ्या पर्यायात ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं.

आता एचटू-टेस्टचा निकाल वाचायला शिका. सगळं ठीक असेल तर 'विदाउट एरर्स' असं येतं. नसेल तर किती जीबी ठीक आणि किती गेले हे येतं, आणि गेलेल्या भागाचे प्रकार पाडून दिलेले असतात. नवशिके नेमका हा भाग वाचत नाहीत. 'ओव्हररिटन'चा आकडा मोठा असेल तर एकाच जागी दोनदा लिहिलं गेलंय, म्हणजे क्षमता खोटी. 'स्लाइटली चेंज्ड'मध्ये आकडे असतील तर क्षमता खरी असू शकते, पण मेमरी थकली आहे, एखाददुसरा बिट उलटतोय. 'करप्टेड'चा मोठा आकडा दोन्ही आजारांत येऊ शकतो. नकली आणि थकलेला हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांची औषधंही वेगळी.

दुरुस्तीचा पेनड्राइव्ह कोणता आणि कोणता नाही

माझ्याकडे 'मेला' म्हणून येणारे बरेच ड्राइव्ह मेलेले नसतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिजलेल्या बॅगेतून लोकलने ये-जा झाली की यूएसबीच्या पट्ट्यांवर काळपट थर बसतो. शाळेतलं पांढरं खोडरबर त्या चार पट्ट्यांवर हलक्या हाताने फिरवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, मग लावून पाहा. कितीतरी ड्राइव्ह एवढ्यावर उठतात.

ड्राइव्ह दिसतो पण उघडत नाही, 'रॉ' दाखवतो, फॉरमॅट करू का असं विचारतो, अशा वेळी बहुधा फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची नोंद, बिघडलेली असते. इथे फर्मवेअरला हात लावू नका. डेटा हवा असेल तर फॉरमॅटला नाही म्हणा आणि आधी 'टेस्टडिस्क' किंवा 'फोटोरेक' या रिकव्हरी प्रोग्रामने फायली दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. डेटा नको असेल तर साधं फॉरमॅट पुरतं.

'राइट प्रोटेक्टेड' म्हणत असेल तर आधी कडेला लहानसं लॉकचं बटण आहे का पाहा. नसेल तर विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करून डिस्क हाताळायच्या प्रोग्राममध्ये, ड्राइव्ह निवडून 'ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली' चालवून बघा. तरीही हटत नसेल तर खराब ब्लॉक बदलायला राखीव ब्लॉक उरलेले नाहीत म्हणून बहुधा कंट्रोलरने स्वतःच दार बंद केलेलं असतं. असा ड्राइव्ह वाचता येतोय तोवर सगळा डेटा कॉपी करून घ्या. दुरुस्तीचा विचार त्यानंतर.

काहीच हालचाल नाही, दिवा नाही, कॉम्प्युटरला पत्ता नाही, तर ते सोल्डरिंगचं काम. कनेक्टरचा टाका सुटला असेल, नाहीतर कंट्रोलरला ठोके देणारा क्रिस्टल गेला असेल. सॉफ्टवेअरने हे होत नाही.

फर्मवेअर टूलला खरं काम दोनच ठिकाणी आहे. एक, नकली क्षमतेचा ड्राइव्ह. दोन, जो लावल्यावर 'डिस्क घाला' म्हणतो, क्षमता शून्य दाखवतो आणि ज्याचं नाव ब्रँडचं जाऊन कंट्रोलरच्या कंपनीचं दिसू लागलंय. यातलं फर्मवेअर नँडमधून वाचलंच जात नाहीये, कंट्रोलर फक्त आपल्या कोरलेल्या भागावर उभा आहे. हा सर्वांत आशेचा रुग्ण.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हे टूल मेमरी मुळापासून पुसतं, पत्त्यांचा हिशेबही नव्याने मांडतं. त्यानंतर रिकव्हरी लॅबवाल्यालाही काही मिळत नाही. डेटा मोलाचा असेल तर इथेच थांबा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जा. नावाजलेल्या कंपनीचा अस्सल ड्राइव्ह वॉरंटीत असेल तर तोही उघडू नका, बदलून घ्या.

नवशिक्यांसाठी सोपा मार्ग

क्षमता नकली आहे, पण पहिले ७ जीबी नीट चालतात. मग फर्मवेअर न छेडता तेवढाच भाग वापरात घेता येतो. डिस्कपार्टमध्ये ड्राइव्ह नीट बघून निवडा, कारण 'क्लीन' ही आज्ञा चुकीच्या डिस्कवर चालली तर तुमचा कॉम्प्युटरच रिकामा होईल. क्लीन केल्यावर ड्राइव्ह एमबीआर पद्धतीने सुरू करा, जीपीटीने नाही. ड्राइव्हच्या भागांचं, म्हणजे पार्टिशनांचं, कोष्टक लिहिण्याच्या या दोन पद्धती. जीपीटी आपल्या कोष्टकाची दुसरी प्रत ड्राइव्हच्या शेवटच्या टोकाला लिहिते आणि इथे ते टोकच खोटं आहे. मग खऱ्या क्षमतेपेक्षा थोडं कमी, म्हणजे ७ जीबीला साधारण ६८०० एमबीचं, एकच पार्टिशन करा. बाकीची जागा तशीच पडू द्या. एफ-थ्रीमध्ये यासाठी 'फिक्स' नावाची वेगळी आज्ञाच आहे.

उणीव एवढीच की फर्मवेअर अजून १२८ च म्हणतंय. उद्या कुणी टीव्हीला किंवा कॅमेऱ्याला लावून फॉरमॅट केलं की खोटेपणा परत वर येतो. तो मुळापासून काढायचा तर पुढचा भाग वाचा.

कारखान्याचं टूल

पेनड्राइव्ह कारखान्यात बनतो तेव्हा एका फटक्यात अनेक ड्राइव्हवर फर्मवेअर चढवायला 'मास प्रॉडक्शन टूल' वापरतात, बोलताना एमपी टूल. ही टूल ग्राहकांसाठी नाहीत, कंट्रोलर कंपन्या ती ड्राइव्ह बनवणाऱ्यांना देतात आणि तिथून ती बाहेर पाझरतात. रशियन हौशी लोकांनी त्यांचे मोठे संग्रह केले आहेत. अनेक टूलवर अँटिव्हायरस ओरडतो, कधी विनाकारण, कधी कारणाने. म्हणून यासाठी एक जुना लॅपटॉप वेगळा ठेवा, ज्यात नेटबँकिंग नाही, कुणाचे फोटो नाहीत. टूल उतरवलं की नेट बंद. लॅपटॉपच का, तर मध्येच दिवे गेले तरी बॅटरीवर काम पुरं होतं. फर्मवेअर लिहिताना वीज गेली तर ड्राइव्ह आणखी खोल झोपतो.

सुरू करण्याआधी दुसरे सगळे पेनड्राइव्ह, एक्स्टर्नल हार्ड डिस्क, कार्ड रीडर काढून ठेवा. एमपी टूल दिसेल त्या ड्राइव्हवर तुटून पडायला बनवलेलं आहे. हा नियम मी एकदाही मोडत नाही.

आता ड्राइव्हची ओळख पटवा. 'चिपजीनियस' हा प्रोग्राम चालवा. त्यात कंट्रोलरची कंपनी, त्याचा क्रमांक, व्हीआयडी-पीआयडी (कंपनी आणि उत्पादन सांगणारे यूएसबीचे क्रमांक) आणि नँडचा फ्लॅश आयडी, म्हणजे मेमरीचा ओळख क्रमांक, मिळतो. व्हीआयडी-पीआयडीवर विश्वास ठेवू नका. ते फर्मवेअरमध्ये हवे ते लिहिता येतात, नकली माल करणारे नामांकित कंपनीचेच लिहितात. महत्त्वाचे दोनच, कंट्रोलरचा क्रमांक आणि फ्लॅश आयडी. फ्लॅश आयडीच्या पहिल्या दोन अक्षरांवरून मेमरीचा कारखाना कळतो. '९८' तोशिबा (आताची किओक्सिया), 'ईसी' सॅमसंग, 'एडी' हायनिक्स, '२सी' मायक्रॉन. या पडद्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. चिपजीनियसही कधीकधी चुकतो, म्हणून शंका असेल तर कव्हर उघडून भिंगातून चिपवरचा क्रमांक वाचा. जुनं एटीएम कार्ड सांध्यात सरकवून पिळलं की बहुतेक प्लास्टिकची कव्हरं न तुटता उघडतात. '२ टीबी'वाल्या डब्यांत कधीकधी कार्ड रीडरला चिकटवलेलं मायक्रो एसडी कार्डच निघतं. तिथे पेनड्राइव्हचं टूल लागू नाही, डबा मिटा.

कंट्रोलर बहुधा या घरांपैकी एकाचा निघेल: फिसन, सिलिकॉन मोशन, अल्कोर, फर्स्टचिप, चिप्सबँक, इनोस्टोर. स्वस्त नकली मालात माझ्या हाती सर्वांत जास्त फर्स्टचिपचे ११७८ आणि ११७९ येतात. प्रत्येक कंपनीचं टूल वेगळं आणि त्याच्याही ढीगभर आवृत्त्या. इथेच नवशिक्यांचा दम निघतो. साधा ठोकताळा असा, की नँड नवी असेल तर नवी आवृत्ती घ्या, कारण जुन्या आवृत्तीच्या यादीत ती मेमरी नसते. कंट्रोलर जुना असेल तर त्याच्या काळातली जुनी आवृत्ती, कारण नव्यातून तो काढून टाकलेला असतो. 'फ्लॅश आयडी ओळखता येत नाही' असं आलं तर आवृत्ती बदला, सेटिंगशी झटापट करू नका.

टूल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, ड्राइव्ह यूएसबी २.० च्या पोर्टला थेट लावा, मध्ये एक्स्टेन्शन केबल नको. सिलिकॉन मोशनच्या टूलमध्ये 'स्कॅन यूएसबी' म्हणजे एफ-५ दाबलं की एका चौकोनात ड्राइव्ह दिसतो. सेटिंग उघडताना पासवर्ड विचारला जातो, तो ३२०. इतर टूलमध्येही मांडणी साधारण अशीच असते.

सेटिंगमध्ये शेकडो पर्याय दिसतील. त्यातल्या तीन गोष्टींकडेच लक्ष द्या. पहिली, स्कॅनचा प्रकार. नकली ड्राइव्हमध्ये पूर्ण स्कॅन निवडा. टूल प्रत्येक ब्लॉक पुसून, लिहून, वाचून खराब ब्लॉकची नवी यादी करतं. तासन्‌तास लागतात, पण खरी क्षमता यातूनच कळते. दुसरी, ईसीसी, म्हणजे एका तुकड्यात किती बिट चुकले तरी चालवून घ्यायचे. हा आकडा ढिला केला की क्षमता जास्त दिसते आणि ड्राइव्ह महिन्याभरात परत बिघडतो. मी तो कडकच ठेवतो, चार जीबी कमी मिळाले तरी बेहत्तर. तिसरी, क्षमता. ती ऑटोवर हवी. नकली माल बनवणाऱ्याने हाच आकडा हाताने भरलेला असतो. व्हीआयडी-पीआयडीच्या रकान्यात दुसऱ्या कंपनीचे आकडे टाकू नका, टूलने दिलेले ठेवा.

मग 'स्टार्ट'. हात काढून घ्या. चौकोन हिरवा झाला आणि 'ओके' आलं की ड्राइव्ह काढून परत लावा. लाल झाला आणि खराब ब्लॉक मर्यादेपेक्षा जास्त असल्याची तक्रार आली, तर ठरावीक कमी क्षमतेवर परत प्रयत्न करता येतो.

टूलला ड्राइव्ह दिसतच नसेल तर

कधी नँडमधलं फर्मवेअर इतकं बिघडलेलं असतं की कंट्रोलर ते वाचताना अडकतो आणि टूलला उत्तरच देत नाही. तेव्हा कंट्रोलरला ते वाचूच द्यायचं नाही, ही युक्ती. नँडच्या दोन डेटा पायांना (पिनांना) क्षणभर जोडलं की त्याला कचरा मिळतो, तो नँडचा नाद सोडतो आणि आपल्या कोरलेल्या प्रोग्रामवर जागा होतो.

दोन्ही कडांना पाय असलेली, ४८ पायांची लांबट नँड असेल तरच हे घरी जमतं. चिपच्या कोपऱ्यात गोल ठिपका असतो, तिथला पाय पहिला. त्या कडेने खाली मोजत गेलं की २४ संपतात. समोरच्या कडेला त्याच टोकापासून २५ सुरू होतो आणि मोजणी वर चढते. त्या कडेवरचा पाचवा आणि सहावा पाय म्हणजे २९ आणि ३०. हे दोन पाय बारीक सुईच्या टोकाने एकमेकांना टेकवायचे, टेकवलेल्या अवस्थेतच ड्राइव्ह पोर्टला लावायचा, आणि विंडोजचा 'टुंग' आवाज आला की लगेच सुई उचलायची. सुई उचलायला विसरलात तर टूलही नँड वाचू शकणार नाही. पाय अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावर असतात. टेबल दिवा जवळ घ्या, ड्राइव्ह यूएसबीच्या तोंडासमोर पुस्तकावर टेकवा, दुसऱ्या कुणाला तरी तो आत सरकवायला सांगा. माझी मुलगी हे काम माझ्यापेक्षा स्थिर हाताने करते. सुई सरकून भलत्याच पायाला लागली तर चिप जळू शकते, म्हणून पहिला सराव ज्याच्यावर पाणी सोडलंय अशा ड्राइव्हवरच करा. चिमटे, भिंग, सुईसारखी टोकं ठाण्यात स्टेशनजवळ मिळतात, नाहीतर दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठा, लॅमिंग्टन रोडवर काय मिळत नाही!

दुरुस्त झाल्यावर

हिरव्या चौकोनावर विसंबू नका. एचटू-टेस्ट पुन्हा पूर्ण चालवा. बिनचूक निघाला तरी चाचणीच्या फायली पुसू नका. ड्राइव्ह दोन-तीन दिवस तसाच ड्रॉवरमध्ये राहू द्या आणि मग फक्त 'व्हेरिफाय' करा. थकलेली मेमरी लिहिल्या-लिहिल्या बरोबर वाचते आणि दोन दिवसांनी विसरते. मी दुरुस्त केलेले काही ड्राइव्ह पहिली चाचणी पार करून या दुसऱ्या चाचणीत पडले आहेत.

दोन्ही चाचण्या पार झाल्या की जुना छापील आकडा खरवडून काढा आणि कायमच्या मार्करने खरी क्षमता लिहा. असा ड्राइव्ह गाडीत गाणी ऐकायला, विंडोज इन्स्टॉल करायला, झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ न्यायला उत्तम. एखाद्या गोष्टीची एकुलती एक प्रत त्यात ठेवू नका आणि दुरुस्त केलेला ड्राइव्ह नवा म्हणून कुणाला विकू नका. काकांचा ड्राइव्ह मी असाच ७ जीबीचा करून दिला. त्याआधी जी शंभरेक भजनं वाचली ती काढून त्यांच्या घरच्या हार्ड डिस्कवर आणि मंडळाच्या ऑनलाइन खात्यात ठेवली. बाकीच्यांसाठी ते आता जुन्या सभासदांच्या फोनमध्ये काही सापडतं का ते शोधताहेत.

बिल असेल आणि विकणारा ऐकत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, एचटू-टेस्टचा स्क्रीनशॉट जोडा. ड्राइव्हला टूल लावण्यापूर्वीच हे करा, नंतर पुरावा राहत नाही.

तीन वेळा प्रयत्न करूनही चौकोन लाल होत असेल तर सोडून द्या. पण नुसता कचऱ्यात टाकू नका. ड्राइव्ह चालत नसला तरी नँड काढून कुणी वाचू शकतं. पकडीने मोठी चिप मधोमध मोडा आणि तुकडे ई-कचऱ्याच्या पेटीत टाका.